न झाडलेल्या गोळीची शान

मी एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे. पोलादाची, काळसर, लाकडी मुठीची. मित्रांनो, माझ्या मुठीवर एक गुळगुळीत खळगा आहे. तो माझ्या पहिल्या मालकाच्या अंगठ्याचा. अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरात तो शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, हाताखाली शिपाई होता. निवृत्त झाल्यावर त्याने मला ओडिनाबाईंच्या बंदुकांच्या दुकानात विकले आणि मासे पकडायला होडी घेतली. मी रुसले नाही. होडी खरोखरच देखणी होती.

दुकानाच्या काचेखाली पडून राहणाऱ्याला एकच उद्योग असतो, गिऱ्हाइके जोखण्याचा. ती मला हातात तोलत, मी त्यांना मनात. कोणी मला धरून आरशाकडे वळे, ते मी मनातल्या वहीत नावे टाकीत असे. कोणी उचलताच चापावर बोट ठेवी, तेही नावे. जमेच्या बाजूला बरेच दिवस कोणी आले नाही.

मग एके सकाळी व्हर्ना टॅकेट आली. गाईगुरांची डॉक्टर, पन्नाशीची, रुंद खांद्यांची. सोबत तिच्या बहिणीचा नवरा, रॉईस. त्याला सगळ्या विषयांतले कळत असे, निदान तो तसे सांगत असे.

व्हर्नावर काय गुदरले होते ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक होते. ओढ्याच्या वळणावर दोघांनी गाडी आडवी घालून तिला लुटले होते. गुरांना गुंगी आणणारी इंजेक्शने त्यांना हवी होती. त्या वेळी तिच्याजवळ पिस्तूल होते. रॉईसनेच वाढदिवसाला दिलेले, इवलेसे, गुलाबी मुठीचे. पण ते होते हातातल्या बॅगेत, आणि चोरांनी पहिल्यांदा हिसकावली ती बॅगच. औषधे मिळाली आणि वर पिस्तूलही. शेरीफने विचारले, गाडी कुठल्या रंगाची होती? व्हर्नाला तेही सांगता आले नाही. इतकी ती थरथरत होती.

तेव्हापासून ती डोंगरापलीकडे एकटी जात नव्हती. पलीकडच्या गोठ्यांना दुसरा डॉक्टर नव्हता. दवाखाना बंद करून शहरात जावे आणि कुत्र्यांची नखे कापावीत, असे तिने जवळजवळ ठरवले होते.

"हिला हलकंसं काहीतरी दाखवा," रॉईस म्हणाला. "बाईमाणूस आहे."

"ही बाई अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते," ओडिनाबाई म्हणाल्या. "हिला काय जड जाणारे?"

"मागचं मीच निवडलं होतं ना? चांगलं होतं की."

"हो," व्हर्ना म्हणाली. "चोरालाही पसंत पडलं."

दुकानामागच्या मैदानात तिने चार-पाच जणींना आजमावून पाहिले. हलक्या पिस्तुलांनी हाताला असा हिसका दिला की नेम कुठल्या कुठे गेला. मी जड, त्यामुळे हातात स्थिर. बोटे मुठीवर नीट बसली, चाप हाताच्या ताकदीने सहज ओढता आला. चांगले अवजार ओळखावे तसे तिने मला ओळखले. "हीच," ती म्हणाली. रॉईस रंगाबद्दल काहीतरी पुटपुटला.

ओडिनाबाईंनी मात्र मला लगेच सोडले नाही. आधी परवाना, मग शिकवणी. "आधी निघून जायचं," त्या पुन्हा पुन्हा सांगत. "निघता येत नसेल आणि जिवावरच बेतलं असेल, तरच हिला बाहेर काढायचं. आणि कोणी रिकामी म्हणून हातात दिली, तरी उघडून बघायची. मी दिली तरी."

व्हर्नाने माझ्यासाठी कडक चामड्याचे म्यान घेतले, चाप पूर्ण झाकणारे. कमरेला मी, वर कोट. बॅगेत कधीच नाही. घरी कुलपाची पेटी. तिथला अंधार मला आवडत नसे, पण बहिणीची पोरे घरभर हुंदडत असताना माझी जागा तीच होती. रविवारी तळलेल्या कोंबडीवर ताव मारता मारता रॉईस म्हणायचा, "आण की बाहेर, बघू दे सगळ्यांना."

"मक्याची ही कॉर्नब्रेड बघ," व्हर्ना म्हणायची. "ती बघण्यासारखी झाली आहे."

आणि मग दुपारी एकदा फोन आला. डोंगरापलीकडचा म्हातारा होबार्ट लीक. गाय अडली होती, वासरू उलटे होते. रस्ता ओढ्याच्या वळणाचा. व्हर्ना क्षणभर किल्ल्या हातात धरून उभी राहिली. मग तिने मला कमरेला लावले आणि निघाली.

वळणावर गाडी आडवी उभी होती.

व्हर्ना बरीच अलीकडे थांबली. काचा वर, दारे बंद, गाडी मागच्या गिअरमध्ये. कोटाखाली तिचा तळवा माझ्या मुठीवर आला. मित्रांनो, मी अनेक हात पाहिले आहेत. तो हात उबदार होता, आणि स्थिर होता. एक माणूस उतरला. त्याचा एक हात पाठीमागे होता.

"बाई, जरा मदत करता का?" तो ओरडला.

व्हर्ना फोनवर शेरीफच्या कचेरीशी बोलत होती. गाडीचा रंग, तिचा चेपलेला दिवा, मग नंबर, एकेक अक्षर सावकाश. तो माणूस तिच्या गाडीकडे पळत सुटला तेव्हा ती मागे मागे जात वळली होती. मला बाहेर यायची गरजच पडली नाही.

ती माथ्यावरच्या लांबच्या रस्त्याने गेली. मी होबार्टच्या गोठ्यातला हुंदका ऐकला, मग त्याचे हसणे. वासरू जिवंत होते.

संध्याकाळी शेरीफचा फोन आला. दोघेही सापडले होते. सीटखाली एक इवलेसे पिस्तूल मिळाले, गुलाबी मुठीचे, गोळ्यांनी भरलेले. व्हर्ना खुर्चीत बसली. तिच्यावर तिचेच पिस्तूल रोखले जाणार होते.

रविवारी रॉईसने विचारले, "मग किती गोळ्या झाडल्यास?"

"एकही नाही."

"मग ती घेऊन उपयोग काय झाला?"

"हात थरथरला नाही, म्हणून नंबर वाचता आला," व्हर्ना म्हणाली. "आणि तुझं गुलाबी सापडलंय. शेरीफ म्हणतो, ज्याने निवडलं त्याने येऊन ओळख पटवावी."

जोलीन, त्याची बायको, इतकी हसली की चहा सांडला.

दवाखाना आता डोंगराच्या दोन्ही बाजूंना चालतो. होबार्टच्या त्या दिवशीच्या कालवडीचे नाव व्हर्नाच आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. मला घ्यायचे तर स्वतःच्या हाताने पारखून घ्या, शिकून घ्या, अंगावर नसेन तेव्हा कुलपात ठेवा. मला मिरवू नका. त्या वळणावर मी म्यानातच राहिले, आणि माझ्या साऱ्या आयुष्यात तेवढ्या ताठ मानेने मी कधीच घरी परतले नव्हते.