कामिनीची कोरी कॉफी

सकाळी साडेसातला कामिनी घरापुढच्या ओट्यावर कॉफी पीत बसली होती आणि साडेनऊपर्यंत असोदा गावाच्या लेखी तिच्या सासूबाई वारल्या होत्या. तेवढ्या वेळात कामिनीची अंघोळसुद्धा झाली नव्हती.

कॉफी कोरी होती. दूध नाही, साखर नाही, चव तर नाहीच नाही. दीड महिन्यापूर्वी जळगावच्या डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं होतं, "हर्निया आहे. ऑपरेशन करू, पण आधी आठ किलो उतरवा. या वजनावर टाके टिकायचे नाहीत." तिथल्याच आहार सांगणाऱ्या पोरीनं विचारलं, दिवसाला चहा किती? कामिनीनं प्रामाणिकपणे बोटं मोजली. घरी तीन, लोकांकडे सहा. प्रत्येकात दोन चमचे साखर.

"कॉफीनं चरबी वितळते वगैरे काही खरं नसतं, काकू," पोरगी म्हणाली, "पण ते नऊ कप सुटले तरी खूप झालं."

आणि सुटले. साडेतीन किलो गेले, साडेचार राहिले. खोकला आला की पोटातली गाठ हातानं दाबून धरावी लागे. हे फक्त नवऱ्याला, लीलाधरला ठाऊक होतं. सासूबाईंना सांगितलं असतं तर अख्ख्या गावानं काढे सुचवले असते.

त्या सकाळी समोरून गल्लीतली भिकुबाई दूध घेऊन चालली होती. ती थांबली, कपात डोकावली. कपात काळं. कामिनीचे केस मोकळे, कपाळ रिकामं, अंगावर कालची साडी. त्यात सासूबाई, म्हणजे सुगंधाबाई, आठ दिवसांपासून ओट्यावर दिसलेल्या नव्हत्या, कारण त्या पाचोऱ्याला लेकीकडे गेल्या होत्या. आता मयतीच्या घरी चूल पेटत नाही; शेजारणी चहा आणतात तो कोरा, त्यात दूध घालत नाहीत. आणि कोण गेलं हे तोंडावर विचारायचं नाही, हीसुद्धा रीतच. भिकुबाईनं रीत पाळली. नुसतं "च्च्" केलं, पदर डोक्यावर घेतला आणि निघाली. कामिनीला वाटलं, ऊन लागलं असेल.

साडेनऊला अकरा बाया दारावर आल्या. चपला बाहेर, पदर तोंडाला, मंजुळाबाईच्या हातात किटली.

"काय झालं वो?" कामिनीनं विचारलं.

मंजुळाबाईनं तिला छातीशी ओढलं. "रड माय. मोकळी हो."

"कशाले रडू?"

"पाहा, तिले तर काहीच सुचेना!" मंजुळाबाईनं किटलीतून कप भरला. "घे. दोन घोट तरी घे."

"मी चहा सोडला आहे."

"सासूसाठी चहा सोडला वो माय!" मागून कुणीतरी म्हणालं आणि तिघींनी हंबरडा फोडला.

सासूसाठी? पाचोऱ्याला काही झालं आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही की काय? कामिनीनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सुगंधाबाई आल्या, तोंडात भाकरीचा घास.

"काय वो? आन या एवढ्या बठ्ठ्या बाया कशाले बसल्या आपल्या घरात? कोन मेलं?"

भिकुबाईच्या तोंडून निसटलं, "तुम्हीच की, अक्का."

"मी?" सुगंधाबाईंचा घास तसाच राहिला. "मी जेवू राहिली इथे! कोनी सांगितलं तुले?"

भिकुबाईनं कपातल्या काळ्याची हकीकत सांगितली. ऐकता ऐकता सुगंधाबाईंचा राग तिच्यावरून घसरून कामिनीवर आला.

"जित्या सासूच्या घरात काळं पिते? लाज नाही वाटत? आत्ताच्या आत्ता दुधाचा चहा कर, साखर घाल आन बठ्ठ्यायच्या समोर पी. अपशकुन तरी जाईल!"

मंजुळाबाई कधीच स्वयंपाकघरात घुसली होती. तीन चमचे साखरेचा, साय तरंगणारा कप कामिनीच्या नाकासमोर आला.

"पी माय. एका कपानं काय होतं?"

लग्न झाल्यापासून सव्वीस वर्षं हेच. एका बट्टीनं काय होतं, एका पळीभर तुपानं काय होतं, उरलेला भात टाकण्यापेक्षा खाल्ला तर काय होतं. खाऊ घालणाऱ्या ह्याच, आणि पंगतीत "कामिनी बसली की दोघींची जागा जाते" म्हणून हसणाऱ्याही ह्याच. पोट मात्र कामिनीचं एकटीचं.

तिनं कप खाली ठेवला. साय हिंदकळली.

"एका कपानं काय होतं ते सांगते. ऐका." तिनं पोटावर हात ठेवला. "इथं गाठ आहे. हर्निया. आठ किलो उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. साडेतीन उतरवले मी, तुमच्या प्रत्येक घरात नाही म्हणत म्हणत. साडेचार राहिले. त्याआधी आतडं अडकलं तर उचलून न्यावं लागेल मला. मग या खुशाल दारावर, किटली घेऊन! शकुन-अपशकुन तेव्हा बघा. मी हा चहा पिणार नाही. कुणीही सांगितलं तरी नाही."

फोनमध्ये सुगंधाबाई इतक्या जवळ आल्या होत्या की नुसतं कपाळ दिसत होतं.

"लीलाधरले माहीत व्हतं?"

"हो."

"आन मले नाही."

फोन बंद झाला. बाया एकेक करून उठल्या. चपला घालतानाही कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

चार वाजता सुगंधाबाई रिक्षातून उतरल्या. पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि रात्री न जेवताच झोपल्या.

दुसऱ्या दिवशी कामिनी कप घेऊन स्वयंपाकघरातच उभी राहिली. कालचा तमाशा पुरे झाला होता.

"आत कशाले पिते? चोरी केली का?" म्हणत सुगंधाबाईंनी तिला दंडाला धरून ओट्यावर आणलं. स्वतः शेजारी बसल्या, ठेवणीतली साडी नेसून, रस्त्याकडे तोंड करून. भिकुबाई दूध घेऊन मान खाली घालून चालली होती.

"भिकुबाई! पाह्य इकडे. जित्ती आहे मी. आन ही काळंच पिईल, साडेचार किलो उतरेपर्यंत. कोनी हिच्यासमोर चहाचा कप धरला तर त्याच्या दारावर मी येईन!"

भिकुबाई भराभर गेली. कामिनी हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. पोट धरून ती वाकली. सुगंधाबाईंनी घाईघाईनं आपला हात तिच्या हातावर दाबून धरला.

"दुखतं का वो?"

"खोकला आला की दुखतं, आई."

सुगंधाबाईंनी थोडा विचार केला.

"मंग खोकू नको," त्या म्हणाल्या, पण हात काढला नाही.