ऐंशी हर्ट्झच्या वर

उन्नतीने सबवूफरचा काळा ठोकळा उचलून सोफ्याच्या मधोमध, जयदेवकाकांच्या नेहमीच्या जागेवर ठेवला आणि स्वतः हॉलभर रांगायला लागली.

"माणसं जमिनीवर आणि डबा सोफ्यावर," काका म्हणाले. "बीएस्सीला हेच शिकवलं काय?"

तिने मान न उचलताच समजावलं. खालचे सूर खोलीत सगळीकडे सारखे पसरत नाहीत. कोपऱ्यात साचतात, मधेच कुठेतरी गायब होतात. जिथे बसून ऐकायचं तिथे डबा ठेवायचा, आणि रांगताना जिथे धमधम एकसारखी ऐकू येईल तिथे नंतर डबा हलवायचा. टीव्हीच्या डावीकडे, भिंतीपासून हातभर पुढे तिला ती जागा सापडली. काकांनी तो आधी कोपऱ्यात कोंबला होता, कारण तिथे खिडकीच्या काचा थरथरायच्या. काचा थरथरल्या म्हणजे माल ओरिजिनल, असं त्यांचं मत.

करावे गावात जुन्या घराच्या जागी काकांनी चार मजले चढवले होते आणि वरच्या मजल्यावरचा हा हॉल मिथुनच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी सजत होता. उन्नती त्यांच्या चुलतभावाची मुलगी. फिजिक्स घेऊन नुकतीच पास झालेली, त्यामुळे घराण्यातली वायर असलेली प्रत्येक वस्तू बिघडली की तिच्याकडे यायची. आजची तक्रार अशी की आवाज भरपूर आहे, पण गाण्यातलं काही समजत नाही.

तिने टीव्हीवर सेटिंगचा मेनू उघडला आणि हसू दाबलं. सगळे स्पीकर 'लार्ज' आणि क्रॉसओव्हर दोनशे हर्ट्झवर. दोनशे कोणी ठेवलं, तिने विचारलं. काकांनीच ठेवलं होतं. त्याच्यापेक्षा मोठा आकडा मेनूत नव्हता, म्हणून तिथे थांबले होते.

क्रॉसओव्हर म्हणजे हद्द, तिने सांगितलं. हद्दीच्या खालचे सूर सबवूफरकडे, वरचे स्पीकरकडे. ती दोनशेला टाकली तर माणसाच्या आवाजाचाही खालचा भाग डब्यात जातो आणि घुमतो, शब्द त्यात बुडतात. हद्द ऐंशीला आणायची. आणि हे उभे स्पीकर 'स्मॉल' करायचे, म्हणजे खालचं ओझं ते डब्याच्या अंगावर टाकून मोकळे होतील.

इथवर काका मान डोलवत होते.

"छातीएवढे स्पीकर आणलेत मी. स्मॉल कशाला लिहायचं?"

"फक्त मेनूत, काका. बाहेर कुणाला दिसणार नाही."

"मिथुनला दिसेल ना."

खिडकीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या रंगूबाई यावर हसल्या. सोफ्यात माणूस बुडतो म्हणून त्यांनी खुर्ची मागून घेतली होती. रंगूबाई गावच्या धवलारीण. धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गायल्याशिवाय इथे कुणाला हळद लागत नाही, आणि गेली पन्नास वर्षं गावातले धवले त्यांच्याच गळ्यातून आले होते. उन्नतीला वाटलं होतं, त्या मिथुनच्या लग्नाचं ठरवायला आल्या असतील. पण काकांनी त्यांना बोलावलं होतं ते रेकॉर्डिंग ऐकवायला. दोन वर्षांपूर्वी सानपाड्याला भाच्याच्या हळदीत व्हिडिओवाल्याने त्यांचे धवले नीट माईक लावून घेतले होते. मिथुनच्या हळदीला तेच वाजवायचे होते. रंगूमावशींचे गुडघे गेलेत, घसा बसतो, कशाला दोन दिवस मांडी घालून बसायचं? मानाची साडी, ओटी सगळं घरी पोचेल. त्यांनी पुढच्या रांगेत आरामात बसावं आणि स्वतःलाच ऐकावं. काका हे मनापासून, प्रेमाने सांगत होते, त्यामुळे त्यांना अडवणं जास्तच कठीण होतं.

रंगूबाई पदराची कड बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या.

उन्नतीचा रिमोटवरचा अंगठा थांबला. काम जितकं नीट होईल, तितकी त्या खुर्चीवरच्या बाईची गरज कमी होणार होती. काका चहाचं सांगायला आत गेले, तशी ती खिडकीपाशी गेली.

"आजी, असंच ठेवू का? थोडं घुमेल. मग काका रेकॉर्डिंग नको म्हणतील."

रंगूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "नको गो बाय. शबुद आयकाला येव दे. येकयेक."

"पण मग तुम्ही..."

"तू तुजा काम कर."

तिने केलं. उभे स्पीकर स्मॉल, हद्द ऐंशीला. मागच्या भिंतीवरचे चिमुकले दोन एकशेवीसला. सबवूफरच्या मागचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं, ते अर्ध्याच्या खाली आणलं. काका चहा घेऊन आले, त्यांच्यामागून ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच ठेवून मिथुनही दारात येऊन उभा राहिला. तिने रेकॉर्डिंग लावलं.

ढोलकी पाठीमागे आपल्या जागी गेली. तिच्यापुढे रंगूबाईंचा आवाज आला, इतका मोकळा आणि समोरचा की उन्नतीने खुर्चीकडे वळून त्यांचे ओठ मिटलेले आहेत याची खात्री केली. काकांनी कप ठेवून डोळे मिटले.

तिसऱ्या ओळीला आवाजाने नवरदेवाला मांडवात बोलावलं. निकेशला, सानपाड्याच्या त्या भाच्याला. त्याच्या अंगाला हळद लावा म्हणाला, आणि नवरीचं नाव घेतलं, 'पूर्वी'. मग निकेशचा बाप, निकेशचा आजा, सानपाड्याचे देव, सगळ्यांना एकेक करून, कसलीही घाई न करता आवतण दिलं.

काकांनी डोळे उघडले.

"पप्पा," दारातून मिथुन म्हणाला, "माझं लग्न पूर्वीवहिनीशी लावताय?"

उन्नतीला हसू आवरेना. इतके दिवस हे रेकॉर्डिंग घरात वाजत होतं आणि डब्याच्या घुमण्यात कुणाला एक नाव कळलं नव्हतं. काकांनी विचारलं, कॉम्प्युटरवर नावं कापता येतील का. येतील, ती म्हणाली, पण नावं प्रत्येक ओळीत आहेत. कापल्यावर ढोलकी उरेल.

"मला वाटायचं, धवला म्हणजे मंत्रासारखा," काका म्हणाले. "सगळ्यांना एकच."

"येक कसा आसंल?" रंगूबाई म्हणाल्या. "मानसा येक हायेत का?" खोलीत त्या एकट्याच दचकल्या नव्हत्या.

काकांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. जरा वेळ त्या छातीएवढ्या स्पीकरांकडे बघत राहिले.

"मावशी, हळदीला गाडी किती वाजता पाठवू?"

"गारीचा मंग बगू. आदी नावा सांग."

काका फोन काढून बोलतबोलत लिहू लागले. मिथुन. राजनंदिनी, होणारी सून. मग स्वतःचं, बायकोचं; बाप नामा, आजा सदू; तीन मामा, दोन आत्या. रंगूबाई डोळे मिटून प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, ओठांतल्या ओठांत ते चालीवर ठेवून बघत होत्या.

"तुजे पंजीचा नाव?"

काका थांबले. आधी छताकडे बघितलं, मग मिथुनकडे, मग उन्नतीकडे. तिला तर आपल्याच पणजीचं नाव आठवेना.

"पुतळा," रंगूबाई म्हणाल्या. "तुजे बापाचे लग्नान माजे आयनी घेतलेला. मी बाजूला बसलेली."

काकांनी ते फोनमध्ये लिहिलं, आणि मग एकदा हळूच म्हणूनही बघितलं.