पुसलेला थर

फिकट पिवळं पाणी.

सरांचा रुमाल, घडी न मोडलेला.

"दिसत नाही, ती शेगडी तापते कशी गं?" सासूबाईंचा प्रश्न, शेंगा सोलताना.

टपालाच्या तिकिटाएवढी काच.

जिन्यात बुटांचे आवाज.

हे सगळं जमलं तिच्या टेबलापाशी. ती या प्रयोगशाळेतली हंगामी संशोधक, दर वर्षी मुदतवाढीकडे डोळे लावून बसणारी. तिच्या काचेच्या पोटात केसासारखी बारीक वाट होती. त्या वाटेने सोन्याच्या क्षाराचं पिवळं पाणी जायचं, नेमकं हवं तेवढं तापायचं आणि पलीकडून लाल होऊन बाहेर पडायचं. लाल झालं, म्हणजे सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार झाले. तापवायला काचेच्या पाठीवर ग्राफीनचा थर, वीज सोडली की तापणारा, कार्बनच्या एका अणूएवढा जाड. नीट पाहिलं तर पुसटसा डाग वाटावा, इतकाच.

"तुमच्या रागासारखं आहे, आई. दिसत नाही, पण चटका बसतो," ती सासूबाईंना म्हणाली होती.

"माझा चांगला दिसतो. तुझाच दिसत नाही," सासूबाईंनी शेंगेवरची नजरही उचलली नव्हती.

थरावर संरक्षक लेप द्यायचं तिने राहू दिलं होतं. लेप असला की तापमान पाहायचा कॅमेरा भलतंच दाखवायचा. आणि उघड्या थराला बोट लावायचं नाही, हे इथे कोणाला सांगायला लागतं?

प्रकल्पाला पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे आत आले. मुदतवाढ त्यांच्या हातात. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर पुढे झाले. माणूस लाखातला, पण डाग दिसला की हात शिवशिवायचे. समोरच्याचा चष्मासुद्धा मागून घेऊन पुसून द्यायचे.

"अगं, हे असं मळकट दाखवायचं का पाहुण्यांना?"

ते वाकले, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि रुमाल फिरवला. तिचा हात अर्ध्यावर राहिला.

"सर..."

"झालं, झालं. बघ कशी लख्ख झाली."

"सुरू करा की," पाहुण्यांतल्या बाई म्हणाल्या.

तिने बटण दाबलं. पंप इमानदारीत पाणी ढकलू लागला. विजेचा आकडा शून्यावरून हलेना.

"वायर निघाली का, ताई?" मागून शिपाईमामा कुजबुजले.

"वायर ठीक आहे, मामा."

बोलायचं तरी काय? सरांचा हा शेवटचा प्रकल्प. निवृत्तीआधी तो मार्गी लागावा म्हणून त्यांनी पाहुण्यांचे उंबरे झिजवले होते. सांगितलं तर चारचौघांत त्यांचा चेहरा उतरणार, आणि थर काही परत येणार नाही. नवा करायचा तर निदान महिना. न सांगितलं, तर तिच्या कामात दम नाही एवढंच दिसणार.

नळीच्या टोकाशी थेंब फुगला, कुपीत पडला. पिवळा. मग दुसरा. पिवळाच.

"जरा धीर धरा," सर पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते. "पोरीचं काम फार बारीक आहे." मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "अजून डाग राहिलाय का गं कुठे?" आणि त्यांनी पुन्हा खिशात हात घातला.

तिने मान हलवली. नाही म्हणून.

"आम्ही कळवू," बाई म्हणाल्या. बुटांचे आवाज जिन्याने खाली गेले.

त्याच सकाळी, मामाही यायच्या आधी, त्याच काचेतून कुपीत लाल थेंब पडले होते, आणि पाहुण्यांसमोर सगळं स्वच्छ दिसावं म्हणून तिने ती कुपी धुऊन पालथी घातली होती.