डेकला सील

बसा. चहा येस्तोवर एक गंमत सांगतो.

कोल्हारात सूर्यभानचं हाटेल हाय. हाटेलामागं, प्रवरेच्या अंगाला, त्यानं सागवानी फळ्यांचा ऐसपैस ओटा ठोकून घेतला. मिस्त्री त्याला डेक म्हनायचा, म्हनून सूर्यभानबी डेकच म्हनाया लागला. त्याच डेकवर पोरीचा, राजेश्वरीचा, साखरपुडा करायचा हुता. पाव्हनं काष्टीचं, नवऱ्या मुलाचा बाप भिमाजीआबा. मानूस सोन्यावानी, पन नाकावर माशी बसू द्यायचा न्हाई.

आता उघड्यावरचं लाकूड. ऊन खानार, पानी पिनार, अन कुजनार. मिस्त्री म्हनला, "याला सीलर मारा, पानी आत शिरायचं न्हाई." सूर्यभाननं दुकानातनं तीन नमुने आनलं अन तीन फळकुटांवर फासलं. वाळल्यावर नवरा-बायकू ताटाम्होरं बसल्यावानी त्यांच्याम्होरं बसली.

बायकूचं, पुष्पावतीचं, मन पहिल्या चकचकीतावर गेलं. "तोंड दिसतंय बघा ह्यात."

"पाव्हन्यांनी पोरगी बघायची का सोताचं तोंड?"

तेवढ्यात त्यांची कोंबडी त्या फळकुटावर चढली. वर जरा पानी सांडल्यालं. कोंबडीचा एक पाय राहुरीला गेला, एक कोपरगावला.

"ऱ्हाऊ द्या," पुष्पावती म्हनली. "आबा असं पसरलं तर पोरगी घरातच ऱ्हाईल."

दुसरा नमुना निस्ता पातळ. त्या फळकुटानं पानी ढोसलं अन काळं पडलं. तिसरा तेलाचा. चमक काय न्हाई, पन लाकडात आत मुरल्याला. चहा सांडला तर थेंब वरच्या वर उभा, फडकं फिरवलं की गायब. सूर्यभान म्हनला, "हाच."

साखरपुड्याच्या दोन दिस आधी त्यानं डेकला तेल पाजलं. वलं हाय तोवर गिऱ्हाईकानं पाय ठिऊ नये, म्हनून पत्र्यावर खडूनं लिव्हलं, 'डेक सील केला हाय. मागं कुनी जाऊ नये', अन पत्रा रस्त्याला उभा केला.

नेमका नवऱ्या मुलाचा मामा टेम्पो घिऊन तिकडनं चालल्याला. त्याच्या लेखी डेक म्हंजे गानी वाजवायचा, अन सील म्हंजे पोलिसाचं. त्यानं काष्टीला फोन लावला, अन आबांनी सूर्यभानला.

"पाव्हनं, डेक सील झाला म्हनं?"

सूर्यभान खूश. "व्हय आबा. तुमी यायच्या आत उरकून घेतलं."

"कुनी आडवं आलं न्हाई?"

"कोन येतंय? चांगलं दोन हात दिलं की. एक सकाळी, एक दुपारी. कोपरासुद्दा सोडला न्हाई."

फोन कट. परत लावला तर आबा उचलंना. पुष्पावती रस्त्याला जाऊन पत्रा वाचून आली अन कपाळाला हात लावून बसली. "अवो, तुमी सोयरिकीलाच सील ठोकलं." राजेश्वरीनं आत चुलीपाशी सगळं ऐकलं.

दिवस कलताना जीप आली. आबा उतरलं, भांडी घासायच्या जागंच्या चिखलातनं तडक मागं गेलं.

"कुटं हाय तो डेक?"

"आबा," सूर्यभान हळूच म्हनला, "तुमी त्याच्यावरच उभं हाय."

आबांनी पाय उचलला. चप्पल खालीच ऱ्हायली. मागं वळून बघितलं तर चिखलाची पावलं, एका वळीत, ताज्या तेलात उमटल्याली.

राजेश्वरीनं नमुन्याचं फळकूट आनलं अन त्याच्यावर तांब्या उपडा केला. पानी घरंगळून गेलं. "पानी आत शिरू नये म्हनून हे सील, आबा."

आबांनी फळकुटावर बोट फिरवलं. "म्हंजे पोलिस न्हाई."

"न्हाई."

"अन ते दोन हात?"

"तेलाचं," सूर्यभान म्हनला.

आबांच्या मिशा हलाया लागल्या. "मंग आता ही पावलं?"

"मुरली," पोरगी म्हनली. "तुमचं पाय लागलं घराला, बरंच झालं."

"मंग साखरपुडा हितंच," आबा म्हनलं. "आमी तर पाय टाकून बसलो."

झाला की साखरपुडा. पुष्पावतीनं पावलांवर सतरंजी टाकली हुती, ती आबांनीच सरकवली. आता सुनंचं म्हायेर म्हनून कवाबवा येत्यात, तिथंच बसून चहा पित्यात. तवा कोल्हारला गेलात तर त्या डेकवर जरूर बसा, पन ती पावलं कुनाची, एवढं मातूर मोठ्यानं इचारू नका.