तळहातावर चिमूटभर

“हात पुढं करा की,” महादेवी म्हणाली.

काउंटरपलीकडच्या माणसाने संकोचत तळहात पुढे केला. तिने त्यावर शेंगाचटणीची चिमूट ठेवली. “खावा. मग सांगा, मशीनची हाय का उखळातली.”

त्याने खाल्ली, आणि कडक भाकऱ्यांबरोबर चटणीही बांधून घेऊन गेला. नवरा गेल्यापासून महादेवीने हे दुकान असंच चालवलं होतं. शंका असो, तक्रार असो, आधी तळहात. तोंडात चटणी असलेला माणूस फार वेळ भांडत नाही, हा तिचा अनुभव.

पण हल्ली गिऱ्हाइकं शंका घेऊनच येत होती. कुणीतरी तिच्या चटणीचा फोटो सोलापूरच्या खाण्यापिण्याच्या एका फेसबुक ग्रुपवर टाकला होता. त्याखाली मैंदर्गीच्या बसप्पा नावाच्या माणसाने लिहिलं होतं, ‘मशीनची आहे. तेल वरून ओतलंय.’

मुसळ उचलून उचलून महादेवीचा खांदा कायमचा धरलेला. ती पुतणीकडून मराठी टायपिंग शिकली, ते या एका माणसासाठी. ‘आपण खाल्ली आहे का?’ असं तिने सभ्यपणे सुरू केलं. ‘फोटोत दिसतं,’ असं उत्तर आलं. पुढे ती त्याला आंधळा म्हणाली, त्याने तिला चोर म्हटलं. समजूत घालायला मध्ये पडलेल्यांना दोघांनी मिळून हाकलून लावलं. गिऱ्हाइकाला कधी अरे न म्हणालेली महादेवी आता भाकरी थापता थापता मनात टोमणे जुळवू लागली.

“फोनमदी त्याचा हात कुटं हाय,” ती शेजारच्या फुलवाल्या नागव्वाला म्हणाली. “समोर असता तर कवाच गप केला असता.”

“मग जा की मैंदर्गीला. न्हाईतरी हितं फोनात बघून भाकऱ्या करपवायलीस.”

महादेवीने चटणीचा डबा भरला आणि ती मैंदर्गीच्या एसटीत बसली.

अक्कलकोट येईपर्यंत शेजारच्या अनोळखी बाईचे गुडघे, सुनेचं माहेर आणि विकायला काढलेली म्हैस, एवढं सगळं तिला कळलं होतं.

“शेंगावाले बसप्पा व्हय?” ती बाई म्हणाली. “त्यास्नी बघून लई वरसं झाली बगा. बाजारात ओरडायला लागले की येशीपातुर आवाज यायचा. देवळामागं घर हाय.”

देवळामागच्या घरात बसप्पाची सून होती, दानेश्वरी. “बर्री अक्का, कूडरी,” असं कानडीत या-बसा म्हणत तिने चटई टाकली आणि ती गूळ-पाणी आणायला आत गेली.

खाटेवर एक म्हातारा बसला होता. नाकाखालचा चेहरा टॉवेलने झाकलेला, हातात फोन.

महादेवीने गाडीत ठरवलेलं वाक्य म्हटलं. “मी महादेवी. ती मशीनवाली. हात पुढं करा.”

बसप्पाने फोन मांडीवर ठेवला. मग तळहात पुढे केला. तिने चिमूट ठेवली.

“खावा. मग काय बोलायचं ते बोला.”

पाणी घेऊन आलेली दानेश्वरी दारातच थांबली. “अक्का, मामांची जीभ काढली. तंबाखूनं झालं. खाणं पोटातल्या नळीनं. बोलणं न्हाईच.”

महादेवीने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

बसप्पाचं मात्र काम चालू होतं. तो अंगठ्याने चटणी तळहातावर चोळत होता. कण जाडेभरडे होते, मशीनच्यासारखा एकासारखा एक नव्हता. अंगठ्याला हळूहळू दाण्यांचंच तेल आलं. त्याने तळहात नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी लिहिलं. महादेवीच्या पिशवीतला फोन वाजला.

ग्रुपवर आलं होतं, ‘उखळातलीच आहे. माझं चुकलं.’ आणि त्याखाली, ‘पण लसूण जास्त.’

ती आली होती ते याचसाठी. तिने गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायली, उठली. डबा तिथेच राहू दिला.

दारात दानेश्वरीने आवाज खाली आणला. “अक्का, मिटलं म्हणून लिवायचं थांबू नगा. तुमचं काय आलं की मामा उटून बसतेत. न्हाईतर दिसभर भिंतीकडं तोंड.”

महादेवीने मागे वळून पाहिलं. हात धुवायला ठेवलेला तांब्या बसप्पाने बाजूला सारला होता. मूठ मिटून तो बसून होता.

परतीच्या गाडीत तिने लिहिलं, ‘लसूण बरोबर आहे. नाक तपासून घ्या.’ अंगठा थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. ‘नाक तेवढं शाबूत आहे. तुम्ही तुमचा हात तपासा.’

तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग याहून खवचट काय लिहावं, ते शोधू लागली. शेजारी नवीन बसलेल्या बाईने दोनदा विचारलं, कुठल्या तुम्ही. महादेवीला ऐकू गेलं नाही.