मान वर केली तेव्हा

मी बोलतेय, पण माझा आवाज बारीक आहे, तेव्हा जरा काचेजवळ या. फक्त काचेवर टिचक्या मारू नका, माझ्या काळजाचं पाणी पाणी होतं. मी पिसोरी. हरणांच्या गोतावळ्यातली सगळ्यांत ठेंगणी. मांजराएवढा जीव, काडीसारखे पाय आणि शिंगांच्या नावानं शून्य.

माझ्यापुढे रोज तोच संवाद होतो. "अगंबाई, केवढा मोठा उंदीर!" म्हणत एखादी बाई मागे सरकते. तिचा नवरा पाटी न वाचताच ठोकून देतो, "उंदीर कसला, हरणाचं पाडस आहे." मग त्यांची मुलगी विचारते, "पण त्याची आई कुठंय?" मंडळी हत्ती बघायला निघून जातात. मी आता उतारवयाला लागले, तरी लोक अजून माझी आई शोधतात.

आई मला आठवते ती फक्त वासानं. दुसऱ्याच एका प्राणिसंग्रहालयात मी जन्मले आणि दूध सुटताच पेटीत घालून इकडे पाठवली गेले. इथे ढोलक्या एकटाच राहत होता. आमची देखभाल करणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणतात. तिनं पेटीचं दार वर ओढलं आणि म्हणाली, "घे रे, तुला सोबत आली. एका माळेचे मणी दोघं!"

ढोलक्या हे नाव मावशीचंच. घाबरला की तो मागचे पाय जमिनीवर इतके भराभर आपटायचा, की कुणी ढोलकी वाजवतंय असं वाटावं. झाडू हलला, वाजव. नळ गळला, वाजव. भित्री भागूबाई नुसती! पण त्याची पाठ माझ्या पाठीला टेकली की मला शांत झोप लागायची. एवढाच आमचा संसार. पिल्लू काही झालं नाही.

मी मात्र वाढतच गेले. ढोलक्याहून चांगली दीडपट झाले, आणि मावशी मला भोपळी म्हणायला लागली. "भोपळे, किती गं चरशील! त्या गरिबाच्या वाटणीचंही गिळतेस वाटतं." असं म्हणून तिनं माझं केळं बंद केलं, मग रताळंही अर्ध्यावर आणलं. आमच्या ताटल्यांपुढे जमिनीत वजनकाटा बसवलेला आहे. त्याचा आकडा काही फारसा उतरेना, म्हणून रताळं आणखी कमी. भुकेनं माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. तेव्हा ढोलक्या आपल्या ताटलीत दोन-चार तुकडे तसेच ठेवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. मावशी पाठमोरी झाली की मी ते खायचे. तो बघायचासुद्धा नाही.

एक दिवस डॉक्टरीणबाई आल्या आणि मला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मावशी, ही लठ्ठ कुठंय? बरगड्या मोजता येतायत हिच्या. मला वाटतं, हिची जातच वेगळी आहे."

"जात कसली वेगळी? पिसोरी ती पिसोरी!"

"तसं नाही हो. धाकटी पिसोरी असते, थोरली असते. तोंडावरून फसायला होतं. नीट कळतं ते गळ्यावरून. धाकटीला तीन पांढरे पट्टे, थोरलीला पाच."

"मग धरते की हिला. त्यात काय!"

"हात लावू नका! भीतीनंच जीव जाईल तिचा. गळ्याचा फोटो मिळाला तर बरं."

मावशी जरा घुटमळली. "आणि निघाली थोरली, तर?"

"तर ढोलक्याला त्याच्या जातीच्या मादीकडे पाठवावं लागेल. तसले नर फार थोडे आहेत."

मी शब्द न् शब्द ऐकला. आपलाच गळा आपल्याला कसा दिसणार? ढोलक्याचे तीन पट्टे मी रोज बघायचे, माझेही तेवढेच असतील असं धरून चालले होते. त्या दिवसापासून मी हनुवटी छातीशी घट्ट धरली. पाणीसुद्धा माणसं गेल्यावर प्यायचे.

मग हरणांचे एक जाणकार कॅमेरा घेऊन आले. मावशीनं लगेच त्यांचं 'गळेवाले साहेब' असं बारसं करून टाकलं. ते काचेपलीकडे मांडी ठोकून बसले. मावशीनं कोवळी पानं उंचावर टांगली. मी बघितलं नाही. मग तिनं केळं सोलून उंच धरलं. "भोपळे, वर बघ गं बाई." तोंडाला पाणी सुटलं, पण मी मान वर केली नाही.

"हट्टी आहे मेली," मावशी म्हणाली. मला वाटतं, तिलाही मनातून बरंच वाटत होतं. गळेवाले साहेबांनी कॅमेरा खाली घेतला.

फोटोत मध्ये येऊ नये म्हणून ढोलक्याला मागच्या खोलीत कोंडलं होतं. तिथे कुणाच्या तरी हातून लोखंडी बादली पडली, आणि तो वाजवायला लागला. एकटा, अगदी जीव तोडून. मी सगळं विसरले. मान उंच केली आणि दाराच्या जाळीतून तो दिसतो का ते बघू लागले.

काचेपलीकडे कॅमेरा वाजला.

"पाच," गळेवाले साहेब म्हणाले. "स्वच्छ पाच."

त्या संध्याकाळी मावशीनं माझ्या ताटलीत अख्खं केळं ठेवलं. "खा गं. उगीच उपाशी मारलं मी तुला," म्हणाली आणि बाहीनं डोळे पुसले. केळं तसंच पडून काळं झालं.

ढोलक्याला नेलं तेव्हा पेटी लाकडी होती, त्यामुळे आवाज खूप लांबपर्यंत येत राहिला. मीही मागचे पाय आपटून बघितले. मला त्याच्यासारखं वाजवता येत नाही.

तिकडे त्याला पिल्लू झालंय म्हणे. मावशीनं सांगितलं तेव्हा मला आनंद झाला, आणि दिवसभर कोपऱ्यातून उठवलं नाही. माझ्या जातीचा नर शोधतायत, पण अजून कुणी मिळालेला नाही. आता मी पोटभर जेवते. पाठ भिंतीला टेकून झोपते.

माझी नवी पाटी बघितलीत ना? "थोरली पिसोरी. ओळख: गळ्यावर पाच पट्टे." शेजारी तोच फोटो आहे. लोक बोट लावून पट्टे मोजतात. तुम्हीही मोजा, बरोबर भरतील. पण मोजून झाले की त्या फोटोतले डोळेही बघा. मी ऐटीत उभी नाहीये हो, दाराकडे बघतेय.

मावशी हल्ली बादली फार जपून ठेवते. तरी एखादे वेळी निसटतेच हातातून. मग मी मान वर करते, आणि ऐकत राहते.