घरं दोन, दुकान एक

रविवारी दुकान बंद असायचं. त्या रविवारी सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "मैत्रिणीकडे जाऊन येते." तो म्हणाला, "जा. मलाही केस कापायला जायचंय." आणि थोड्याच वेळात दोघं आपल्याच दुकानाच्या बंद शटरसमोर एकमेकांना भेटली. तिच्या हातात किल्ली होती, त्याच्याही हातात किल्ली.

"तू इथे?" तिने विचारलं.

"न्हाव्याकडे गर्दी होती," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "खोटं बोललो. तिकडे गेलोच नाही."

"मी तरी कुठे मैत्रिणीकडे गेले?"

दुकान चष्म्यांचं. पुढच्या भागात ती डोळे तपासायची, मागच्या खोलीत तो भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचा. आख्खी गल्ली त्यांना 'चष्मेवाले' म्हणायची, दोघांना मिळून एकच नाव.

त्यांनी शटर अर्धंच वर केलं आणि वाकून आत शिरली. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, तो तिच्या स्टुलावर. दिवा कोणीच लावला नाही.

"घरात बसवत नाही ना तुला?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तुला?"

"मलाही नाही."

दोघांनाही एकदम हसू आलं. मग ती रडली. मग त्याने पाण्याची बाटली पुढे केली, आणि ती पाणी पीत असताना तोच म्हणाला, "आपण वेगळं व्हायचं का?"

सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. दारू नव्हती, मारझोड नव्हती, तिसरं कोणी नव्हतं. तिला दिवसभराचं सगळं बोलून मोकळं व्हायला हवं असायचं आणि त्याला घरी आल्यावर कोणी बोलू नये असं वाटायचं. सुरुवातीला दोघांनी एकमेकांसाठी मुरड घातली, नंतर मुरड घालण्याचाच राग यायला लागला. पलंगावर ओला टॉवेल पडला तरी त्यावरून एकमेकांच्या घरच्यांचा उद्धार होई. अलीकडे तर तेही थांबलं होतं. गॅस बंद केलास का, दूध आणलंस का, एवढंच उरलं होतं.

लेकीला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती कॉलेजात जाणारी. घरात तिला बिट्टी म्हणत. ती आधी रडली, मग नाक पुसून तिने विचारलं, "माझ्यासाठी थांबला होतात का इतके दिवस?"

त्याने समोरच्या वर्तमानपत्राची उगाच घडी घातली.

"नका ना असलं करू. तुम्ही दोघं घरात असलात की मी कानात गाणी घालून बसते. तुम्हाला वाटतं मला गाण्यांचं वेड आहे." मग जरा थांबून म्हणाली, "पण दोन्ही घरी माझी वेगळी खोली पाहिजे. हे आत्ताच सांगून ठेवते."

खरी आग पाखडली ती बिट्टीच्या आईच्या थोरल्या भावाने. दादा तावातावाने आला, चहाचा कप हातात धरून उभाच राहिला.

"कोर्टात खेचायचं त्याला! माझ्या ओळखीचे वकील आहेत. असे सोलून काढतील की बस!"

"कशाबद्दल सोलायचं, दादा?"

"कशाबद्दल म्हणजे? घटस्फोट आहे हा, गंमत आहे का?"

"त्याने माझं काही वाईट केलेलं नाही. मीही त्याचं नाही. आम्हाला नुसतं एका घरात राहायचं नाहीये."

दादाला हे पटेना. भांडण नसताना लोक वेगळे होतात हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. "बघ हं," तो म्हणाला, "दुकानाची गोष्ट निघाली की कळेल तुला."

आणि दादाचं तेवढं खरं निघालं.

दोघांचं सगळ्याबाबत एकमत असेल तर कुटुंब न्यायालयात एकत्र अर्ज करून मोकळं होता येतं, एकमेकांवर आरोप करावे लागत नाहीत, हे त्यांना कळलं होतं. एकमत घडवून द्यायला एक मध्यस्थबाई होत्या. त्यांची खोली दाताच्या दवाखान्याच्या शेजारी होती. भिंतीपलीकडून ड्रिलचा आवाज येई आणि तो आला की बाई बोलायचं थांबत. पहिल्या बैठकीत घर, सामान, बिट्टीचं शिक्षण सगळं भराभर ठरलं. बाई खूश झाल्या. दुसऱ्या बैठकीत दुकान निघालं आणि गाडी अडली.

"दुकान मी उभं केलंय," तो म्हणाला. "मशीन आणायला मी गेलो, फळ्या मी ठोकल्या."

"आणि गिऱ्हाईक कोणाकडे येतं?" ती म्हणाली. "तुझ्याकडे? तुझं तोंडसुद्धा कोणी पाहिलेलं नाही."

"विकून टाकू मग!"

"टाक विकून!"

पलीकडे ड्रिल सुरू झालं म्हणून बरं, नाहीतर ते आणखी बोलले असते. त्या दिवशी घरी जाताना दोघं रस्त्याच्या दोन बाजूंनी चालली. तिने मनाशी म्हटलं, उद्या दादाच्या वकिलाला फोन करते. होऊन जाऊ दे एकदाचं.

फोन केला नाही. करायचा म्हणून हातात घेतला की दुकानात कोणीतरी आजोबा टपकत आणि राहून जाई.

तिसऱ्या बैठकीला दोघं तोंडं फुगवून बसली होती. बाई कागद वाचत होत्या आणि सारखा चष्मा वर सरकवत होत्या. एक दांडी सैल झालेली, चष्मा नाकावर तिरका. त्याच्याच्याने बघवेना. शेवटी तो म्हणाला, "बाई, तो जरा इकडे द्या."

त्याने खिशातून बारीक पेचकस काढला. स्क्रू आवळता आवळता न बघताच डावा हात पुढे केला. तिने पर्समधला चष्मा पुसायचा मऊ कपडा त्याच्या हातावर ठेवला. त्याने भिंगं पुसली, उजेडात धरली आणि चष्मा तिच्याकडे दिला. तिने पाहिलं, मान हलवली.

"बाई, तुम्ही वाचताना कागद लांब धरता," ती म्हणाली. "नंबर वाढलाय तुमचा."

"भिंगाला चरेही पडलेत," तो म्हणाला. "नवीनच करू."

"हलकी फ्रेम देऊ यांना, नाकावर वळ उठलेत."

"ती तपकिरी?"

"तीच."

मध्यस्थबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"दुकानात भांडता का हो तुम्ही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दुकानात?" तो म्हणाला. "तिथे कशाला भांडू?"

"मग दुकान मोडायचं कोणी सांगितलं तुम्हाला? लग्न मोडायला आलात ना? तेवढंच मोडा."

हे त्यांना सुचलंच नव्हतं. वेगळं व्हायचं म्हणजे सगळंच वाटून घ्यायचं, असं दोघंही धरून चालली होती. तिला वाटलं, छातीवर कोणीतरी पाय देऊन उभं होतं, ते उतरलं. त्याने तर चक्क डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"भागीदार म्हणून," तो चाचरत म्हणाला. "तुला चालेल?"

"दुकानात बोलेन हं मी. तिथे गप्प बसणार नाही."

"दुकानात बोल की. मी मागे असतो, मशीन चालू असतं."

न्यायालयात शेवटच्या तारखेला फारसं काही झालंच नाही. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" आणि दोघांनी इतक्या उत्साहाने "हो" म्हटलं की ते जरा चपापले. सह्या झाल्या, शिक्का बसला. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर आता काय करायचं ते दोघांनाही कळेना. हात मिळवायचा? नुसतं निघायचं?

"वजन घटल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली. "किती दिवसांनी अशी लागली."

समोरच्या टपरीवर दोघांनी उभ्याने खाऊन घेतलं आणि आपापल्या वाटेने गेली.

तिने भाड्याने घेतलेलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. सामान हलवायच्या दिवशी दादा आला. अजून रुसलेलाच. पाहतो तर टेम्पोतून कपाट उतरवायला तोच उभा, ज्याला सोलून काढायचं होतं. दादाने तोंड फिरवलं. पण कपाट एकट्याने उचलण्यातलं नव्हतं. शेवटी एक टोक याने धरलं, एक त्याने, आणि दोघं एक अक्षर न बोलता जिना चढू लागले.

दुसऱ्या वळणावर कपाट कठड्यात अडकलं.

"अहो जावईबापू, वर घ्या, वर!" दादा ओरडला आणि मग जिन्यातच थबकला. घाम निथळत होता, चेहरा गोरामोरा झाला होता. "आता… आता तुम्हाला म्हणायचं तरी काय?"

"आधी कपाट वर नेऊ," खालून आवाज आला. "माझ्या पायावर आहे ते. नाव मग ठरवू."

वर दारात उभी राहून ती आणि बिट्टी हे ऐकत होत्या. बिट्टी हसत सुटली. तीही हसली, पोट दुखेपर्यंत, आणि तशीच हसत जिना उतरून कपाटाला हात लावायला गेली.